जुल्करनैनची भिंत आणि पडद्यावरचा तारणहार

रविवारी असरच्या नमाजनंतर नवीन पनवेलमधील आमच्या मशिदीच्या वरच्या मजल्यावर मुलामुलींचा कुरआन-वर्ग भरतो. आठवीपासून अकरावीपर्यंतची मुले असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सूरह कहफच्या शेवटच्या भागात होतो. जुल्करनैन दोन डोंगरांच्या मधल्या जागी पोहोचतात. तिथे त्यांना असे लोक भेटतात, ज्यांना कोणाचे बोलणे जेमतेमच समजते. ते लोक याजूज-माजूजच्या उपद्रवाचे गाऱ्हाणे मांडतात आणि मध्ये एक भिंत बांधून मागतात. एवढे सांगून झाले आणि दहावीतल्या एका मुलीने हात वर केला.

“मौलाना, एक विचारू? तुम्हाला राग नाही ना येणार?”

“विचार, बेटा.”

“हे ‘अवतार’सारखंच झालं ना? बाहेरून एक ताकदवान माणूस येतो, तिथल्या लोकांना काहीच येत नसतं, आणि तोच त्यांना वाचवतो. आमच्या बाई म्हणाल्या, असे पिक्चर गोऱ्या लोकांनी स्वतःला मोठं दाखवण्यासाठी काढले. मग जुल्करनैनची गोष्ट वेगळी कशी?”

मागच्या रांगेतून कोणीतरी “तौबा, तौबा” म्हणाले. मी त्याला गप्प केले आणि मुलीला म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. शिक्षकाला जेव्हा उत्तर येत नसते तेव्हा तो हेच म्हणतो. त्या आठवड्यात मी तफसीरची पुस्तके पुन्हा उघडली, आणि रात्री घरातली मुले झोपल्यावर ती ज्यांविषयी बोलत होती ते चित्रपटही पाहिले. इमामाने चित्रपट पाहावेत काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आलाच असेल. चित्रपटांच्या शरई हुकुमाबाबत उलेमांमधील मतभेद सर्वश्रुत आहेत. ती चर्चा मी येथे उघडत नाही. चित्रपट त्या मुलीच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आधीच पोहोचला होता. तिच्या मनातली शंका मात्र माझ्यापर्यंत पोहोचली होती, आणि ती परत पाठवण्याचा मला अधिकार नव्हता.

बी. ए.ला मराठी साहित्याचा अभ्यास करताना डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या होत्या. विज्ञानकथा उद्याच्या काळात घडते, पण तिच्या पोटात आजची काळजी असते, एवढी गोष्ट तेव्हापासून लक्षात राहिली. परग्रहावरचे लोक कसे दिसतात हे ठरवणारा माणूस पृथ्वीवरच बसलेला असतो. तो त्यांना जो रंग देतो, जी भाषा देतो, ज्या झोपड्या देतो, त्या त्याने कुठेतरी पाहिलेल्या असतात. म्हणून हे चित्रपट दुसऱ्या ग्रहांविषयी फारच थोडे सांगतात. आपल्यातला बलवान माणूस दुबळ्याकडे कसा पाहतो, हे मात्र ते पुष्कळ सांगून जातात.

या प्रकाराच्या आरंभीच एका लेखकाने हे उघडपणे कबूल केले होते. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची मंगळावरून झालेल्या स्वारीची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. त्या वेळी जगाचा केवढा तरी भाग इंग्रजांच्या ताब्यात होता. वेल्सने मंगळवासीयांना थेट इंग्लंडमध्ये उतरवले आणि आपल्या वाचकांना सुरुवातीलाच आठवण करून दिली, की टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांचा संहार आपल्याच लोकांनी केला आहे. मग मंगळवासीयांविषयी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? याच कादंबरीवर पुढे १९५३ आणि २००५ साली हॉलिवुडने चित्रपट काढले. यंत्रे राहिली, आगीचे झोत राहिले, पळणारी माणसे राहिली. स्वारी अमेरिकेवर झाली आणि टास्मानिया गळून पडला. कथेतला आरसा काढून घेतला आणि नुसता थरार ठेवला.

जेम्स कॅमेरॉनच्या ‘अवतार’ने (२००९) तो आरसा परत आणला, हे मान्य करायला हवे. पँडोरा नावाच्या उपग्रहाच्या पोटात मौल्यवान खनिज आहे. ते काढायला पृथ्वीवरची एक कंपनी भाडोत्री सैनिक घेऊन गेली आहे. ज्या महावृक्षात तिथले नावी लोक राहतात, त्याच्याच खाली खनिजाचा सर्वांत मोठा साठा आहे. प्रथम शाळा, औषधे, वाटाघाटी, मग बुलडोझर, मग क्षेपणास्त्रे. तो वृक्ष कोसळतो त्या दृश्यात माझ्याही डोळ्यांत पाणी आले. वसाहतवादाचा क्रम इतक्या थोड्या वेळात इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे लोकप्रिय उदाहरण मला माहीत नाही.

पण पुढे काय होते? जेक सली हा कंपनीचाच माणूस नावींमध्ये मिसळतो. तीन महिन्यांत त्यांची भाषा, शिकार, उड्डाण शिकतो. नेतिरी ही सरदाराची मुलगी त्याला सारे शिकवते. आणि संकट येते तेव्हा, पिढ्यान्‌पिढ्या तिथे वाढलेल्यांतल्या फक्त पाच जणांना जे साधले होते, ते आकाशातल्या महापक्ष्यावर स्वार होणे हा कालचा पाहुणा साधतो. शिकवणारी मागे राहते, शिकणारा सेनापती होतो. दिग्दर्शकाचे मन नावींच्या बाजूचे आहे यात शंका नाही. तरीही मन ज्यांच्या बाजूचे आहे त्यांना स्वतःचा बचाव स्वतः करता येईल, यावर त्याचा विश्वास बसत नाही. तिरस्काराचा वसाहतवाद ओळखायला सोपा असतो. हा कळवळ्याचा वसाहतवाद आहे, आणि तो चांगल्या माणसांच्या हातून घडतो. माझ्या विद्यार्थिनीच्या बाईंनी वर्गात नेमके हेच सांगितले असावे.

‘ड्यून’ हा दुसरा चित्रपट आपल्याला अधिक जवळून बोचतो, कारण त्यात आपलेच शब्द आहेत. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ची. दनी विलनवने तिच्यावर २०२१ आणि २०२४ साली दोन भाग काढले. वाळवंटी ग्रह, त्याच्या वाळूत सापडणारा आणि साऱ्या साम्राज्याला लागणारा एक मसाला, वाळूत राहणारे फ्रेमेन लोक. पेट्रोलची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हे फ्रेमेन ‘महदी’ची वाट पाहत आहेत, येणाऱ्याला ते ‘लिसान अल-गैब’ म्हणतात. (मदरशात फारसी शिकलेला माणूस येथे क्षणभर थबकतो, ही तर शिराझच्या हाफिजची उपाधी.) चित्रीकरण जॉर्डनच्या आणि अबुधाबीच्या वाळवंटात झाले. पण फ्रेमेनांच्या प्रमुख भूमिकांत अरब चेहरा क्वचितच दिसतो. वाळू आमची, शब्द आमचे, पोशाख आमचा. माणूस तेवढा दुसरा. पुस्तकात ‘जिहाद’ हा शब्द जागोजागी आहे, चित्रपटाने तो टाळला. असल्यानेही दुखते, काढल्यानेही दुखते.

तरी या चित्रपटावर मी तेवढ्यासाठी रागावणार नाही. कारण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. तारणहार येणार ही भविष्यवाणी फ्रेमेनांच्या मनात बाहेरच्यांनीच, पुढे उपयोगी पडावी म्हणून, पेरून ठेवलेली असते. सरदारपुत्र पॉल त्या पेरलेल्या श्रद्धेवर स्वार होतो. नायकपूजेविरुद्ध इशारा द्यायचा होता, असे हर्बर्टने स्वतः सांगितले होते. दुसऱ्या भागात हे ओळखणारी एकच व्यक्ती आहे आणि ती स्त्री आहे. सारी टोळी पॉलपुढे गुडघे टेकते तेव्हा चानी उभी राहते, आणि शेवटी एकटीच वाळवंटात निघून जाते. आपल्या घरांत हा चित्रपट पाहणाऱ्या तरुणांना मी विचारतो, तुम्हाला पॉल आवडला की चानी? बहुतेक मुले पॉल म्हणतात. वाळूतल्या महाकाय किड्यावर स्वार होणारा तोच ना!

आता या सगळ्याचे मूळ कुठे आहे? आमच्याकडे त्याचे उत्तर माणसाच्या इतिहासाच्याही आधीचे आहे. आदमपुढे झुकण्याचा आदेश इब्लीसने नाकारला तेव्हा त्याने दिलेले कारण कुरआनने नोंदवून ठेवले आहे (७:१२). मी त्याच्याहून श्रेष्ठ, कारण मी आगीचा आणि तो मातीचा. हा युक्तिवाद नीट पाहावा. त्यात आचरणाचा उल्लेख नाही, ज्ञानाचा नाही. फक्त घडणीचा आहे. कोण कशाचा बनला आहे त्यावरून त्याची पायरी ठरवणे. रंगभेदाला, जातिभेदाला, बाईला कमी लेखण्याला, परक्यांची भूमी आपली म्हणण्याला, या सर्वांना हे एकच वाक्य पुरले आहे. पैगंबर (स.) यांनी गर्वाची व्याख्या दोन गोष्टींत केली, ती सहीह मुस्लिममध्ये आहे: सत्य धुडकावणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. आणि कुरआन तर भाषांचा व रंगांचा वेगळेपणा अल्लाहच्या निशाण्यांत गणतो (३०:२२). ज्याला निशाणी म्हटले त्यालाच उणीव मानणे, हा निशाणी ठेवणाऱ्याशी वाद झाला.

येथे आपल्याला बरे वाटू लागते. आपला धर्म किती उदात्त, पश्चिमेचे लोक किती गर्विष्ठ! म्हणून लगेच अबू जर (रजि.) यांची आठवण करून देतो. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तो माणूस म्हणजे बिलाल (रजि.) असे अनेक भाष्यकार म्हणतात. पैगंबर (स.) यांनी अबू जर यांना सांगितले, की तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. अबू जर! पहिल्या काही मुसलमानांपैकी एक, सचोटीचा नमुना. त्यांच्यात शिल्लक असू शकते, तर आपल्या झडतीला किती वेळ लागेल?

झडतीसाठी दूर जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. तिथल्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि त्यांचे संस्थान १९४८पर्यंत टिकले. अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर (१५४८–१६२६) इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, अनेक हातांतून दख्खनमध्ये आला आणि राज्याचा कारभारी झाला. त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याच्या नहरी आणि त्याची जमाबंदी महाराष्ट्राच्या इतिहासात शिकवली जाते. खुलताबादला त्याची कबर आहे. या माणसाला रणांगणात नमवता आले नाही म्हणून बादशहा जहांगीरने काय केले? अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र काढून घेतले, आणि आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून अपशब्द लिहिले. जहांगीरही कलिमा पढणारा होता आणि अंबरही. अंबरला ज्यांनी विकले व विकत घेतले त्यांच्यातही आपले लोक होते. ही आठवण हॉलिवुडवर ढकलता येत नाही.

२०१८ साली ‘ब्लॅक पँथर’ आला. वाकांडा नावाचे, कोणाचेही गुलाम न झालेले, विज्ञानात सर्वांच्या पुढे असलेले आफ्रिकी राज्य त्यात दाखवले आहे. सौदी अरेबियात पस्तीसेक वर्षांनी चित्रपटगृह उघडले तेव्हा रियाधला पहिला लागला तो हाच. तिथे राजाची धाकटी बहीण प्रयोगशाळा चालवते. वर्गातल्या मुलांना मी विचारले, काळ्या माणसांचे असे राज्य तुम्हाला खोटे वाटते का? एक जण म्हणाला, “पिक्चरमध्ये चालतं, मौलाना.” मी त्याला मलिक अंबरविषयी विचारले. नाव ऐकले होते, पण तो काळा होता हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि निकाहाची स्थळे पाहताना माझ्याकडे येणाऱ्या बायोडाटांत आजही मुलीच्या शिक्षणाआधी ‘रंग गोरा’ लिहिलेले असते. एका पित्याने मला दबक्या आवाजात विचारले होते, “मौलाना, ‘गव्हाळ’ लिहिलं तर खोटं होईल का?” त्या दबक्या आवाजात इब्लीसचे वाक्य कुठेतरी होतेच, फक्त बोलणारा बळी होता.

मुलींचा विषय निघालाच आहे. विज्ञानपटांना यंत्राची बाई फार आवडते. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’पासून ही हौस आहे. आपल्याकडे २०२४ साली ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ आला. त्यात नायक ज्या मुलीच्या प्रेमात पडतो ती रोबो निघते, तरी तो तिला घरी आणतो, आणि एकत्र कुटुंबाला ती आदर्श सून वाटते. का वाटणार नाही? सांगाल ते करते, थकत नाही, माहेर नाही, मत नाही. लोक हसले. मला हसू आले आणि मग थोडी लाजही वाटली, कारण ‘नेक सून मिळावी’ अशी दुआ करायला सांगणारे काही जण माझ्याकडे येतात, त्यांच्या बोलण्यातली सून हुबेहूब हीच असते. हुदैबियाच्या पेचाच्या क्षणी उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला पैगंबर (स.) यांनी ऐकला आणि त्याप्रमाणे वागले. तो सल्ला यंत्राने दिला नव्हता.

आणि आपल्यातल्याच एका स्त्रीने ही हौस उलटी फिरवून दाखवली होती, हे किती घरांत माहीत आहे? बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट लिहिली आणि ती मद्रासच्या एका महिला मासिकात छापून आली. त्या गोष्टीतल्या देशात पुरुष घरात बसतात, आणि बायका विद्यापीठे चालवतात, सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी घेतात, हवेतून गाड्या चालवतात. विमानाचा शोध लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती तेव्हाची ही कल्पना. विशेष म्हणजे त्या देशाची राणी दुसऱ्याच्या भूमीवर डोळा ठेवत नाही. पुढे रुकैयांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली आणि शेवटपर्यंत चालवली. २०२३ साली या गोष्टीवरून प्रेरणा घेऊन एक अॅनिमेशनपट निघाला, तो स्पेनमधल्या एका दिग्दर्शिकेने काढला. आपण काढला नाही.

रुकैयांची राणी वाचताना मला कुरआनातली राणी आठवते. सबाच्या त्या राणीचे नाव कुरआनात नाही. बिल्कीस हे नाव परंपरेने दिले. सुलैमान (अ.) यांचे पत्र आल्यावर तिचे सरदार म्हणतात, आपण बलाढ्य आहोत, हुकूम तुमचा. ती त्यांना शांतपणे सांगते, की राजे एखाद्या वस्तीत घुसतात तेव्हा तिची नासधूस करतात आणि तिथल्या प्रतिष्ठितांना अपमानित करून टाकतात (२७:३४). ‘ते असेच करतात’ हे आयतीच्या अखेरचे शब्द काही भाष्यकारांच्या मते राणीचे नसून अल्लाहने तिच्या म्हणण्याला दिलेली पुष्टी आहे. वसाहतवादावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले. त्यांचा गाभा एका स्त्रीच्या तोंडून तिथे येऊन गेला आहे. ती पुढे ईमान आणते तेव्हाचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ती सुलैमानपुढे शरण जात नाही; सुलैमानसह, जगांच्या पालनकर्त्यापुढे शरण जाते (२७:४४). जिंकणारा आणि जिंकलेली असे तिथे कोणी उरत नाही.

एवढी शिदोरी घेऊन मी पुढच्या रविवारी वर्गात गेलो. त्या मुलीला म्हटले, तुझा प्रश्न बरोबर आहे, आता आपण मिळून आयती वाचू. सामर्थ्य जुल्करनैनकडे आहे हे खरेच; अल्लाहने त्यांना हरतऱ्हेची साधने दिली होती. समोरच्यांकडे ते नाही. इथपर्यंत गोष्ट जेक सलीसारखीच आहे. पण बोलायला सुरुवात कोण करते? ते लोक. त्यांना शत्रू कोण, धोका कुठून आणि उपाय काय, हे तिन्ही ठाऊक आहे. भिंतीची कल्पनाच मुळी त्यांची आहे. भाषेची अडचण असूनही कुरआन त्यांना मुके ठेवत नाही. मग ते मोबदला देऊ करतात. जुल्करनैन नाकारतात: माझ्या पालनकर्त्याने दिले आहे ते पुष्कळ आहे. आणि मग ते एक मागणी करतात, जी मला या गोष्टीचा कणा वाटते. तुमचे बळ मला द्या (१८:९५). लोखंडाचे पत्रे आणा, फुंका, वितळलेले तांबे आणा. म्हणजे तंत्रज्ञान आले ते लपवून ठेवण्याचे गुपित म्हणून आले नाही, सर्वांच्या हातून वापरले गेले. ज्याने पत्रे उचलले, भाता फुंकला, त्याला पुढच्या वेळी भिंत कशी बांधायची हे माहीत झाले. भिंत उभी राहते, तेव्हा ते म्हणतात, ही माझ्या पालनकर्त्याची कृपा. आणि त्याचा वायदा येईल तेव्हा तीही भुईसपाट होईल. मग ते तिथले राजे होतात का? सेनापती? तिथली मुलगी त्यांना मिळते का? गोष्ट तिथे संपते. खनिज त्या लोकांचे, डोंगर त्या लोकांचे, भिंतही त्या लोकांची.

मुलीने थोडा विचार केला. “पण मौलाना, त्याआधी पश्चिमेला ते शिक्षा देतात ना? तिथे कोणी बोलावलं होतं?”

प्रश्न रास्त आहे. १८:८६ ते ८८ मध्ये त्यांना एका लोकसमूहाशी कठोर वागण्याची वा भलेपणाने वागण्याची मुभा दिली जाते, आणि ते जुलूम करणाऱ्यालाच शिक्षा करू असे म्हणतात. त्या आधाराने एखादा राजा म्हणेल की मीही जुलूम मोडायलाच आलो आहे. इंग्रजही असेच म्हणत आले. मी तिला एवढेच सांगू शकलो, की जुल्करनैन तिथे निवाडा करतात तो कोण काय करतो यावर, कोण कशाचा बनला आहे यावर नाही. आणि त्यांना ती मुभा देणारा अल्लाह होता, आपल्याला ती कोणी दिलेली नाही. यावर ती पूर्ण समाधानी झाली असे मला वाटत नाही. मीही झालेलो नाही.

वर्ग सुटताना मुलांनी नेहमीचा विनोद केला: “आम्ही पण नावीच, मौलाना. नावी मुंबईचे!” मी हसलो, आणि घरी जाताना तो विनोद घशात अडकला. मराठीत आपण राहतो त्या इमारतींच्या समूहाला वसाहत म्हणतात. वसाहतवादातली वसाहतही तीच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी नेमल्या गेल्या: भातखाचरे, मिठागरे, आगरी आणि कोळी कुटुंबांची पिढीजात शेती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४च्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. अलीकडे विमानतळासाठी दहा गावे हलली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटनही झाले. याला मी पँडोरा म्हणणार नाही. शहर लागते, विमानतळ लागतो, माझी मशीद आणि माझे घरही त्याच भूमीवर आहे. पण पडद्यावर झाड पडताना रडणारा मी, त्या भूमीवर पूर्वी कोणाचे भात होते हे दहा वर्षांत कोणाला विचारले नव्हते.

त्याच पावसाळ्यात आम्ही कर्नाळ्याच्या बाजूच्या एका कातकरी वाडीवर मदत घेऊन गेलो. चांगले कपडे गोळा केले होते, धान्याची पाकिटे होती, एक बॅनरही होता. दहावीतली ती मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली होती. आम्ही रांग लावली, फोटो काढले. आमच्यातला एक जण म्हणाला, “या लोकांना असंच समजावून सांगावं लागतं.” एक म्हातारी रांगेत उभी राहिली नाही. ओट्यावर बसूनच तिने विचारले:

“कपडं कुणी मागितलं? नातीचा दाखला अडकलाय. ते कुणी बघल का?”

कोणी काही बोलले नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले. तिला पुन्हा प्रश्न विचारावा लागला नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही चौघेच गेलो. कचेरीची कामे माहीत असलेला एक गृहस्थ, मी, ती मुलगी आणि तिचे वडील. म्हातारी पनवेलच्या बाजारात चिंबोऱ्या विकायला गेली होती. दुपारी परतली, तेव्हा आम्हाला बघून म्हणाली, आधी चूल पेटवू द्या. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मग तिने आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यात जुनी रेशनपत्रिका, नातीचा शाळेचा कागद, नवऱ्याच्या नावाची एक पिवळी पडलेली पावती. मी अर्ज माझ्याकडे ओढून घेऊ लागलो, तर तिने तो काढून मुलीच्या हातात दिला.

“तू लिही, पोरी,” ती म्हणाली. “मी सांगते.”